शाळेच्या बागेतला तोडा

गोटीरामने लाल रिबिनीचं एक टोक दातात धरलं, दुसरं वेणीच्या शेपटाला गुंडाळलं आणि गाठ मारणार तोच तृप्तीची मान पुढे झुकली. वेणी हातातून सुटली. पोर बसल्या बसल्या झोपी गेली होती.

"तृप्ते, मान वर."

मान वर आली. डोळे मिटलेलेच राहिले. गोटीरामने दोन्ही गुडघे जवळ घेऊन तिची पाठ त्यांच्यात अडकवली आणि पहिल्यापासून पेड घालायला घेतले. गजरा करायला बसला तर हाच माणूस गप्पा मारत, खाली न बघता, हातभर गजरा ओवून मोकळा व्हायचा. पण कळ्या माना टाकत नाहीत, आणि केस ओढला गेला म्हणून ओरडतही नाहीत. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी त्याला दोन वेण्या एका उंचीवर आणता आल्या नव्हत्या. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली. वर्गातल्या मुली हसतात, असं तृप्तीने त्याला सांगितलं होतं. तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, नुसती बातमी म्हणून सांगितलं होतं.

बुधाचा टेम्पो सहाला येऊन फुलाच्या पाट्या बाजाराला घेऊन गेला होता. बाहेर नुकतं फटफटलं होतं, पण या घरातला अर्धा दिवस उरकला होता.

निशिगंधाची कळी उन्हं यायच्या आत तोडावी लागते. एकदा उमलली की हारवाले तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून मखमलाबाद रोडच्या मळ्यांतली माणसं पहाटे चारलाच वाफ्यांत उभी असतात. गोटीरामचा बाप कोंडाजी असाच उठायचा, गोटीरामही असाच उठतो. फरक इतकाच, की कोंडाजीच्या पोरांजवळ घरात त्यांची आई झोपलेली असायची.

तृप्तीजवळ कोणी नव्हतं. तिचा बाप चिमाजी, गोटीरामचा धाकटा भाऊ, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिची आई वर्षभर राहिली. मग त्या आईचे वडील पेठहून आले, ओट्यावर बसले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले की मुलीचं वय काय, आयुष्य काय, तुम्हीच सांगा. एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना बाई चालत होती, पोर चालत नव्हती. गोटीराम म्हणाला, "पोरगी राहू द्या इथं." त्या वेळी तो एकोणचाळीस वर्षांचा होता. त्याचं स्वतःचं लग्न आधी भावाच्या शिक्षणापायी आणि मग आईच्या दुखण्यापायी मागे पडत गेलं होतं, आणि पुढे बघणाऱ्यांनीच बघायचं सोडून दिलं. लहान मुलाचं तोंड कसं पुसतात हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. शिकला बिचारा.

घरात एकटीला ठेवायची सोय नव्हती, म्हणून पहाटे तो तिला खांद्यावर टाकून मळ्यात न्यायचा आणि बांधावर गोणपाटावर झोपवायचा. वर अंगावरची घोंगडी घालायची. मग ती जागी राहायला लागली. मग उठून वाफ्यात यायला लागली. एका पहाटे तिने एक कळी तोडून त्याच्या पाटीत टाकली, तेव्हा गोटीरामला असं काही कौतुक वाटलं की त्याने ते बुधाला सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. पाचव्या वर्षी तिची एक ओळ तिची एकटीची झाली. "एक कळी दुखवत नाही माझी तृप्ती," असं तो चारचौघांत सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण ऐकणाऱ्यांचीही लहानपणं तशीच गेली होती.

वावगं दिसलं ते अक्काला. अक्काबाई ही गोटीरामची थोरली बहीण, दिंडोरीला दिलेली. द्राक्षाचा बाग, दोन सुना, अंगणभर नातवंडं. मे महिन्यात ती आली होती, दोन दिवस राहिली आणि जाताना पायात चप्पल घालता घालता म्हणाली, "शाळेत घाल तिला. एक महिना मी बघते. पोरीचं नीट चाललं तर ठीक. नाय चाललं तर मी घेऊन जाणार, आन् तू आडवा यायचं नाय."

गोटीराम "बरं" म्हणाला होता. अक्कापुढे दुसरा शब्द त्याला कधी सुचला नव्हता.

तो महिना काल भरला. काल संध्याकाळी गिरणीवर फोन आला होता, की अक्का गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. आज गुरुवार होता. गोटीरामला रात्रभर झोप लागली नव्हती आणि त्यातून साडेतीनला उठायचं होतंच.

त्याने दुसरी गाठ मारली. उंची पुन्हा चुकली होती. "जाऊ दे," तो स्वतःशीच म्हणाला, तिच्या छातीवर पिनेने रुमाल लावला आणि तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं.

शाळा साडेसातला भरायची, पण सात वाजता पोचवलं की त्याला परत येऊन खुरपणी गाठता यायची. दत्तू शिपाई गेट उघडत होता. तृप्ती उतरली. दप्तर पाठीवर घेताना तिची नजर भिंतीलगतच्या बागेकडे गेली. गोटीरामच्याही लक्षात आलं, की बिजलीची फुलझाडं छान फुललीयेत. त्याने सायकल वळवली.

*

नवाच्या सुमाराला बांधावरून कुणीतरी हाक मारली. दत्तू होता, सायकल एका हाताने धरून उभा.

"गोटीराम, मोठ्या बाईंनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"पडली का? ताप आला का?"

"पडली नाय अन् झडली नाय. तू चल."

पुढचं सांगायला अवघड वाटत असल्यासारखा दत्तू सायकल पुढे दामटत राहिला. गोटीरामने हातही धुतले नाहीत. वाटेत त्याच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. आणि त्या सगळ्याच्या मागे एकच हिशोबाची गोष्ट होती, की अक्काची गाडी आता दिंडोरी नाक्यावर आली असेल.

मोठ्या बाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर फुलं होती. पिवळा झेंडू वेगळा, केशरी वेगळा. बिजली रंगारंगाची निवडून मांडलेली. गुलाबांच्या पाच-पाचाच्या तीन जुड्या, देठ एका मापाचे, आणि त्यांना गुंडाळलेला ओला रुमाल. रुमालाला पीन अजून तशीच होती.

गोटीरामच्या मनात पहिला विचार आला, देव त्याला क्षमा करो, की माल चांगला निवडलाय.

तृप्ती कपाटाला टेकून उभी होती. गोटीरामला, तिच्या नानाला, बघून ती जरा सरळ झाली. तिच्या बाजूला वर्गाच्या रूपाली बाई, वयाने तरुण, हात पदरात गुंडाळून.

"तुम्ही वडील?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चुलता. वडील नाहीत तिला."

"बसा."

तो बसला नाही. पँटला माती होती.

"उद्या शाळेची तपासणी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोन महिने दत्तूने ही बाग जपली. मुलांनी झारीने पाणी घातलं. आज सकाळी प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहिली तर बागेत एक फूल नाही. एक म्हणजे एक नाही. आणि तुमची मुलगी गेटापाशी दप्तर घेऊन उभी. पुस्तकं काढून बाकावर रचून ठेवलेली आणि दप्तरात हे सगळं. विचारलं, काय करतेस, तर म्हणते, तोडा झाला, बुधाकाकाचा टेम्पो यायचाय."

दारात उभ्या असलेल्या दत्तूने घसा खाकरला. "कात्री मीच दिली बाई तिला. मला वाटलं, कागद कापायचा असंल. अन् मी मागं टाकी भरायला गेलो."

"ते तुम्ही मघाशी सांगितलंत."

"नाय, म्हणजे झाडांना काय धक्का नाय. एक फांदी मोडली नाय. मी तरी इतकं साफ तोडलं नसतं." दत्तूचा आवाज बोलता बोलता खाली गेला. बाग त्याची होती, आणि त्याला रागवायचं होतं, पण ते जमत नव्हतं.

"मी रोपं आणून लावतो," गोटीराम म्हणाला. "आजच लावतो. फुलावर आलेली लावतो. चुकलं तिचं. मी समजावतो तिला."

"तिने लपवून काही केलं नाही, बाई," रूपाली बाई हळूच म्हणाल्या. "चोरायचं असतं तर गेटात उभी राहिली नसती."

"चोरी कोण म्हणतंय? का केलं ते कळायला नको?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तृप्तीकडे बघितलं. तृप्तीने नानाकडे बघितलं. नाना जमिनीकडे बघत होता.

"दुसरी गोष्ट," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही वर्गात झोपते. रोज. रूपाली बाईंनी मला दोनदा सांगितलं. पाटीवर अक्षर काढता काढता झोपते. काल डबा खाताना झोपली. किती वाजता उठते ही?"

"साडेपाच," गोटीराम म्हणाला. "साडेपाचलाच उठते तशी."

तृप्तीने मान वर केली. मोठ्या माणसाचं काहीतरी साधं चुकलेलं बघून मुलांना वाटतं तसं आश्चर्य तिला वाटलं असावं. तिने ते दुरुस्त केलं.

"चारला, बाई. नाना साडेतीनला उठतो. मी चारला."

बाहेर कुठल्यातरी वर्गात दोनाचा पाढा चालला होता. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, झेंडूच्या शेजारी. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि गोटीरामला राग परवडला असता.

"अहो, सहा वर्षांचं मूल आहे ते."

"हो बाई."

"घरात बाईमाणूस कोणी?"

"नाही."

"नात्यात?"

"बहीण आहे. दिंडोरीला."

"मग?"

हा 'मग' त्याला ओळखीचा होता. गेली दोन वर्षं अक्का प्रत्येक बोलण्याच्या शेवटी हाच 'मग' त्याच्या पुढ्यात ठेवून गप्प बसायची. पोर माझी आहे, हे उत्तर होऊ शकत नव्हतं.

"रोपांचं दत्तू बघेल. आज हिला घरी न्या आणि झोपू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी दोघं माझ्याकडे या. काय करायचं ते तुम्ही ठरवून या. मुलगी हुशार आहे, मला तिला काढायची हौस नाही. पण असं चालणार नाही."

*

गोटीराम सायकल हातात धरून चालत निघाला. तृप्ती कॅरिअरवर, मांडीवर रिकामं दप्तर. पुस्तकं रूपाली बाईंनी पुन्हा भरून दिली होती, पण तिने ती काढून सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीत ठेवली होती. दप्तर ओलं होतं.

पाऊस नव्हता, नुसतं भरून आलं होतं. आभाळ खाली उतरल्यासारखं वाटत होतं. गोटीरामच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: अक्काला काय सांगायचं. तपासणीमुळे शाळा लवकर सुटली, असं सांगता आलं असतं. तृप्तीला गप्प राहायला सांगता आलं असतं. पण तृप्तीला ते जमेल याची त्याला आज अजिबात खात्री वाटत नव्हती.

गिरणीच्या वळणावर तो म्हणाला, "तृप्ते, कशाला तोडली गं फुलं?"

"तोडायची नव्हती?"

"शाळेतली फुलं ती. ती बघायला असतात. झाडावरच राहतात."

"वाळून जातील की मग."

"वाळू दे. शाळेतली वाळली तरी चालतं."

तृप्तीने यावर विचार केला. ही गोष्ट तिला नवीन होती आणि फारशी पटली नव्हती.

"बाई काल म्हणल्या," ती सांगू लागली, "की ही बाग आपली सगळ्यांची हाय. तिच्याकडे सगळ्यांनी बघायचं. मग मला वाटलं, आपली हाय म्हणजे तुला पण यावं लागंल तोडायला. घरचा तोडा झाला की परत शाळेतला. लय फुलं होती नाना. तू घरचंच तोडून दमतो. बसला की कण्हतो. मग मी म्हणलं, मीच तोडून टाकते, तुला सांगतच नाय. म्हणजे तुला यायला नको."

गोटीराम थांबला. सायकल स्टँडवर लावली आणि खाली बसला. चेन उतरली नव्हती, तरी तो ती बोटाने चाचपून बघत राहिला.

आपण दमतो हे त्याला माहीत होतं. कंबर सकाळी सातलाच बोलायला लागते, हेही माहीत होतं. पण आपलं दमणं कुणी मोजत असेल, आणि तेही इतकं लहान कुणी, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो समजत होता की पोरीला फुलांची आवड आहे. चारचौघांत सांगत होता. पोरीला त्याची काळजी होती, फुलांची नव्हती. कधीपासून, ते त्याला आठवेना, आणि आठवलं तसं ते अगदी पहिल्या कळीपर्यंत मागे गेलं. त्याला स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली, की मान वर करून तिच्याकडे बघवेना.

"नाना, रागावला का?"

"नाय."

"मग काय करतो?"

"चेन बघतोय."

"उतरली?"

"नाय. हाय ठीक."

त्याने हात पँटला पुसले आणि सायकल पुन्हा हातात घेतली.

*

अक्काबाई ओट्यावर बसली होती. शेजारी वायरची पिशवी, त्यात नवा फ्रॉक आणि मनुक्यांची पुडी. तिने लांबूनच दोघांना बघितलं आणि उन्हाचं बघतात तसा हात कपाळाला लावला, ऊन नसताना.

"शाळा सुटली एवढ्यात?"

"मला लवकर सोडलं, आत्या," तृप्ती उतरता उतरता म्हणाली. "मी शाळेतला तोडा केला."

अक्काने भावाकडे बघितलं. गोटीरामने वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं तिथेच सोडून दिलं.

तृप्तीने चार मनुके खाल्ले, पाचवा हातातच राहिला आणि ती झोपली. अक्काने तिला गोधडीवर आडवं केलं, रिबिनी सोडल्या, एक वर एक खाली असलेल्या वेण्यांकडे जरा वेळ बघितलं आणि बाहेर आली. गोटीरामने तिला सगळं सांगितलं. मोठ्या बाई, टेबल, चारला उठणं, त्याचं खोटं बोलणं, आणि गिरणीच्या वळणावर पोर काय म्हणाली तेही. काही ठेवलं नाही. सांगताना आवाज सरळ होता. फक्त शेवटचं वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं.

अक्का दिंडोरीपासून भांडायच्या तयारीने आली होती. सगळे मुद्दे एसटीत बसून पाठ केले होते. त्यातला एकही तिला काढावा लागला नाही, आणि त्यामुळे ती गोंधळली.

"तू वाईट नाय रे केलं तिचं," ती म्हणाली.

"चांगलंही नाय केलं."

"एकट्यानं किती करशील? मी म्हणत नव्हते? माझ्याकडं चार पोरांत एक पोर. सुना हायेत. शाळा बांधाला हाय. सकाळी झोपून राहील, खेळंल. तू यायचा की महिन्याला भेटायला." ती थांबली. "मग?"

गोटीराम उठला आणि मळ्याकडे चालू लागला. अक्का मागे गेली नाही.

वाफे भरून आले होते. निशिगंधाचे दांडे कंबरेएवढे, उद्याच्या कळ्या आजच टपोऱ्या दिसत होत्या. श्रावण तोंडावर होता, मागोमाग गणपती, मग नवरात्र. पुढचे तीन महिने फुलाला मागणी आणि अंगाला उसंत नाही, असे जायचे. तो एका ओळीच्या कडेने शेवटापर्यंत गेला आणि परत आला. ती ओळ जरा ठेंगणी होती. तृप्तीचा हात पुरावा म्हणून त्याने तिच्यासाठी निवडलेली. जागा मुद्दाम पाण्याच्या पाटाजवळची, तिच्या पायाला चिखल लागू नये म्हणून. एवढी काळजी त्याने घेतली होती. एवढी काळजी घेऊन तो तिला रोज पहाटे चारला उठवत होता.

दुपार कलल्यावर घरी परत आला, तेव्हा अक्का चहा करत होती. त्याने कपबशी हातात घेतली.

"ललितला सांग," तो म्हणाला. "रविवारी यायला सांग."

ललित हा अक्काचा थोरला मुलगा. अक्काने पदर डोळ्यांना लावला. जिंकल्यावर रडू येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"मी तळहाताच्या फोडासारखी जपीन तिला," ती म्हणाली. "तू काय काळजी करू नको. कपडे फार देऊ नको, माझ्याकडं नातींचे—"

"ट्रॅक्टर घेऊन यायला सांग."

"ट्रॅक्टर? कशाला?"

"निशिगंध मोडतो. नांगर घालू दे सगळ्यात. मेथी-कोथिंबीर टाकतो." तो चहात बघत होता. "पालेभाजी दुपारपर्यंत काढायची आन् संध्याकाळच्या लिलावाला न्यायची. तवर ती शाळेत. सुटली की संगं घेऊन जाईन बाजारात, न्हायतर गिरणीवाल्याच्या पोरींत खेळंल."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिली. चुलीवर उरलेला चहा उतू गेला, तोही तिने जाऊ दिला.

"येडा झाला का? उभं पीक? गणपती आलेत तोंडावर."

"येऊ दे."

"पावसाची कोथिंबीर सडती. हाताला येईल न येईल."

"बघू."

"आरं, चिमाजीनं आणलेले कंद हायेत ते. त्याच कंदांची रोपं तू मोडणार?"

त्याने कप खाली ठेवला. बशी कपाखाली नीट सरकवली.

"त्याची पोरगी ठेवली ना मी," तो म्हणाला. "सगळंच कसं ठेवता येईल?"

अक्काने आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्या भावापुढे माघार घेतली. तिने फडकं घेऊन चुलीभोवतीचा चहा पुसायला सुरुवात केली, आणि बराच वेळ पुसत राहिली.

"रविवारपर्यंत तीन तोडे हायेत," गोटीराम म्हणाला. "ते मी करतो. तू तेवढी राहा. पहाटं तिच्याजवळ झोप. बाकी काय नको."

"राहते," अक्का म्हणाली.

घरातून धडपडल्याचा आवाज आला. तृप्ती दारात उभी होती, केस सुटलेले, गालावर गोधडीचे वळ. दुपारचे चार वाजले असतील, पण आभाळ इतकं दाटलं होतं की ओटाही धड दिसत नव्हता. तिने बाहेरच्या अंधुक उजेडाकडे बघितलं, चेहरा कावराबावरा झाला आणि ती धावत कोपऱ्यातल्या पाट्यांकडे गेली.

"नाना, मला उठवलं का नाय? टेम्पो येईल ना."

"पहाट नाय गं ती," अक्का म्हणाली.

गोटीराम उठला. त्याने तृप्तीच्या हातातून पाटी काढून घेतली आणि तिला जवळ बसवलं. झोपेने तिचं अंग गरम होतं.

"दुपार हाय अजून. उद्या शाळा नाय तुला. सोमवारी जायचं. उद्या तोडायला यायचं नाय, आत्याजवळ झोपायचं."

"किती वाजेपर्यंत?"

"सात वाजेपर्यंत."

तृप्ती त्याच्याकडे बघत राहिली. नाना चेष्टा करतोय का ते तिने त्याच्या तोंडाकडे बघून तपासलं. मग आत्याकडे बघितलं.

"सातला?" ती हसली. "तेव्हा तर उजाडलेलं असतं."